कडक स्प्रिंग

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. उत्तराला उशीर केला म्हणून रागावू नकोस. रागावलास तरी फोनवर तू ‘बरं आहे, ठेवतो’ याच्या पुढे जात नाहीस, त्यामुळे मला ते कळायचंही नाही. आपल्या घरात तुझं एकट्याचंच तोंड कागदावर उघडतं, म्हणून तर मी अजून टपाल तिकिटं घेऊन ठेवते. पोस्टातली बाई माझ्याकडे कौतुकाने बघते.

आता कामाचं. हॉस्पिटलच्या वॉर्डातून निवृत्त झाले तरी मी स्वस्थ बसणाऱ्यांतली नाही, हे तुला ठाऊक आहे. दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत माझा वर्ग भरतो. माणूस अचानक कोसळला तर रुग्णवाहिका येईपर्यंत आपण काय करायचं, एवढाच विषय. दुकानदार येतात, शिक्षक येतात, बसचे चालक येतात. गेल्या शनिवारी एका धिप्पाड चालकाने असा काही जोर लावला की आमच्या सरावाच्या बाहुल्याची छाती फाटली आणि आतला भुगा खोलीभर झाला. बिचारा इतका ओशाळला की स्वतःच झाडू घेऊन बसला. नवा बाहुला मागवलाय, पण तो सह्यांच्या फेऱ्यात सापडलाय. तो कधी येईल ते कुणीच सांगत नाही.

तेव्हा तू मला एक बनवून दे. जन्मभर खुर्च्यांना पाठ आणि सोफ्यांना पोट लावत आलास, आता एका माणसाला छाती लाव. डोकं आणि कमरेपर्यंतचं धड पुरे. मुख्य गोष्ट छातीची. तळहातावर तळहात ठेवून मधोमध दाबलं की ती पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, सहाच्या पलीकडे नाही, आणि जोर सोडला की पूर्ण वर आली पाहिजे. खरी छाती लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कडक असते. पहिल्यांदा दाबताना माणसाला भीती वाटते आणि हात मागे येतो. ही भीती बाहुल्यावरच मोडावी लागते, म्हणून मला मऊ गादी करून पाठवू नकोस.

वहिनीला नमस्कार सांग. तुझं पोट उतरलं का, की अजून तेही तुझ्या सोफ्यांची जाहिरात करतंय? मायेत खंड पडू देऊ नये, पत्रात पडला तरी.

तुझी,
टिल्ली


१२ फेब्रुवारी

चि. टिल्ली हिस,
अ. उ. आ.

तुझा हुकूम पोचला. साठी उलटली तरी तुझी हुकूम सोडायची सवय गेली नाही. उंची मात्र लहानपणी होती तेवढीच राहिली.

बाहुला तयार होत आला आहे. डोकं जुन्या लोडाचं केलं, धड गोणपाटाचं, आत काथ्या, वरून पिवळसर रेक्झिन. नाक शिवताना दाभण घसरलं, त्यामुळे ते जरा एका बाजूला गेलं आहे. तो दुकानाच्या मोठ्या टेबलावर उताणा पडून असतो. तुझ्या वहिनीने त्याचं नाव ‘पाहुणा’ ठेवलं आहे. सकाळी झाडताना ती त्याला विचारते, की बाबा, तू उठणार तरी कधी. गिऱ्हाइकं दारातूनच दचकतात. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आपली खुर्ची टाकायला आल्या होत्या, त्यांनी तर खुर्ची बाहेरच ठेवली आणि आत यायचं धाडस होईना.

मी तुझ्यासाठी एक जास्तीचं काम केलं आहे. छातीला डाव्या बाजूला चेन लावली आणि आत लाल मखमलीचं हृदय शिवून ठेवलं. नाटकगृहाच्या खुर्च्यांचं उरलेलं कापड होतं. चेन उघडून दाखवलंस की तुझ्या चालकांचे डोळे विस्फारतील.

अडचण एकच आहे, स्प्रिंग. मोठ्या आरामखुर्चीतली बसवली, पण ती फारच कडक आहे. तू सांगितलंस तसं ओळीने तीस वेळा दाबून पाहिलं. विसापुढे मला धाप लागते, छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं जड होतं आणि डाव्या जबड्यात ठणकतं. दाढ किडली असणार. जरा टेकलं की सगळं जातं. आता ज्या स्प्रिंगने माझ्यासारख्या कारागिराचा घाम निघतो, तिच्यापुढे तुझे शिक्षक काय टिकणार? तुझी वहिनी म्हणते स्प्रिंग ठीक आहे. ती खिळे ठोकायच्या लयीत, गप्पा मारत, सहज दाबते. पण तिचं काय, तिने तीस वर्षं माझ्याबरोबर खुर्च्यांचे पट्टे ताणले आहेत, तिचे हात लोखंडाचे आहेत. हे तिला सांगू नकोस, लगेच चढेल.

आणि एक शंका. दाबायचं ते कळलं. रक्त पुढे ढकलायचं असेल. पण पूर्ण वर येण्याचं एवढं काय कौतुक? आमच्या धंद्यात ते महत्त्वाचं, कारण गिऱ्हाईक उठल्यावर खड्डा राहता कामा नये. तुमच्या धंद्यात काय?

प्रेम वाढवीत राहा, हुकूम कमी कर.

तुझा,
दादा


१८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी एकटीच खो-खो हसले. पण पाहुण्याचं हृदय उसवावं लागणार आहे. तू ते डाव्या कडेला, पार काखेजवळ ठेवलंस. सगळ्या जगाचा हाच समज असतो. शपथ घेतानासुद्धा लोक तिथेच हात ठेवतात. खरं हृदय छातीच्या मधोमध, समोरच्या उभ्या हाडाच्या मागे असतं, दोन फुप्फुसांच्या मध्ये. फक्त त्याचं खालचं टोक डावीकडे झुकलेलं असतं आणि ते तिथे धडकतं, म्हणून आपल्याला वाटतं की हृदय डावीकडे आहे. दाबायचं तेही त्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, मधोमध. तुझी चेन पाहून माझे विद्यार्थी काखेत दाबत बसतील.

आकार आपल्या मुठीएवढा ठेव. तुझ्या मुठीएवढा चालेल, माझी लहान पडेल. आत चार कप्पे कर, दोन वर आणि दोन खाली. उजवीकडचे दोन शरीरातून वापरून आलेलं रक्त घेतात आणि फुप्फुसांकडे धाडतात. तिथून ताजं होऊन आलेलं रक्त डावीकडचे दोन घेतात आणि अंगभर धाडतात. डावीकडच्या खालच्या कप्प्याची भिंत सगळ्यात जाड कर, कारण डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं काम त्याचं. कप्प्यांच्या तोंडांशी एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. तुला झडप शिवता येईल ना? उशीच्या अभ्र्याला आत वळणारी पट्टी लावतोस तशीच.

आणि हे नीट ऐक, वर्गात मी हे दोनदा सांगते. हृदयातून एवढं रक्त वाहतं, पण त्यातलं ते स्वतःला घेत नाही. त्याच्या स्वतःच्या पोषणाच्या नळ्या निराळ्या असतात, बाहेरून, त्याच्या अंगावरून पसरलेल्या. तू लाल दोऱ्याने वरून टाके घाल. त्यातली एखादी नळी तुंबली की हृदयाचा तेवढा भाग उपाशी मरू लागतो. तो हृदयविकाराचा झटका. त्यात माणूस बहुतेकदा शुद्धीवर असतो, बोलतो, घाम पुसतो, अपचन झालं म्हणतो. दुसरा प्रकार निराळा. हृदयाचे ठोके ज्या विजेच्या इशाऱ्यावर पडतात तो इशाराच बिघडतो. मग हृदय आकुंचन न पावता नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही, माणूस क्षणात कोसळतो. ते हृदय बंद पडणं. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, म्हणून पहिल्याला क्षुल्लक समजायचं नसतं.

आता तुझ्या शंकेचं उत्तर. हृदय बंद पडल्यावर आपण वरून दाबतो तेव्हा त्यातलं रक्त पुढे जातं, मेंदूपर्यंत पोचतं. पण पुढच्या वेळी ढकलायला रक्त आत यायला नको का? ते छाती वर येताना भरतं. अर्धवट वर येऊ दिलं तर आपण रिकामी पिशवी दाबत बसतो. म्हणजे तुझा धंदा आणि माझा धंदा एकच निघाला, खड्डा राहता कामा नये. लय एका मिनिटाला शंभराच्या वर आणि एकशेवीसच्या आत. वहिनीची खिळ्यांची लय तेवढी आहे का, घड्याळ लावून बघ.

तुमच्या समोरच्या बँकेत भिंतीवर हृदयाचं आणि विजेचं चित्र असलेली पेटी आहे का, तेही बघ. त्यातलं यंत्र थरथर ओळखतं आणि विजेचा झटका देऊन ती थांबवतं, म्हणजे हृदयाला पुन्हा आपल्या तालावर यायची संधी मिळते. ते स्वतः बोलून सूचना देतं. सगळ्यांना माहीत असावं ते कुठे आहे.

स्प्रिंगची तक्रार मी मनावर घेत नाही. माझ्या वर्गात सगळ्यांचा घाम निघतो. तू आळशी झाला आहेस. दाढेला मात्र दाखवून ये, उगाच सहन करू नकोस.

आठवण ठेवणाऱ्यांची आठवण ठेवावी, ही विनंती.

तुझी,
टिल्ली


१ मार्च

चि. टिल्ली हिस,
अ. उ. आ.

हृदय उसवलं, मधोमध आणलं, चार कप्पे केले. झडपा अशा जमल्या आहेत की एका बाजूने बोट जातं, परत यायला मागत नाही. वरून लाल दोऱ्याच्या नळ्या घातल्या. काम करताना मनात येत होतं, की आपण एवढा अजब जिन्नस आत घेऊन फिरतो आणि त्याला कधी विचारत नाही, की बाबा, तुझं कसं काय चाललंय.

वहिनीची लय मोजली. मिनिटाला एकशेदहा. आता ती माझ्याकडे वरून बघते.

बँकेत पेटी आहे! गेली कित्येक वर्षं मी ती तक्रारपेटी समजत होतो. रखवालदार तिच्या कोपऱ्याला आपली टोपी अडकवतो. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा त्याने लगेच टोपी काढली, जणू आत कुणी मोठा माणूस बसला आहे.

दाढेच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. दाढ ठणठणीत आहे म्हणतो. त्याला काही कळत नाही.

स्प्रिंग मी तीनदा बदलली. आरामखुर्चीची काढून जेवणाच्या खुर्चीची घातली, तरी दहा-बारा वेळा दाबलं की तेच, छातीवर पोतं आणि जबड्यात ठणका. मग लहान मुलांच्या खुर्चीतली घातली. तीही जड. शेवटी सगळ्यात नाजूक बसवली आणि खाली फोम दिला. आता मी निदान पंधरापर्यंत जातो. तुझी वहिनी म्हणते ही छाती नव्हे, उशी आहे, वन्संना आवडणार नाही. पण तिच्या हातांचं माप सगळ्यांना कसं लावायचं? बाहुला माणसांसाठी आहे, पहिलवानांसाठी नाही.

बाकी ठीक. वरच्या खोलीत जायचा जिना यंदा कुणी तरी उंच केला आहे असं वाटतं. म्हणून दुपारचा चहा मी खालीच मागवतो. वहिनी कुरकुरते, पण आणून देते. पाहुण्याला पोत्यात बांधून उद्याच्या बसने पाठवतो. चालक तुझं नाव घेत होता, तोच तो छाती फाडणारा.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
दादा


६ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुलाच लिहिते आहे. ते त्याच चालकाबरोबर पाठवते आहे, तो संध्याकाळी परत तिकडे येतो. फोनवर मी तुझ्याशी बोलले, पण दादा तुझ्या शेजारी उभा होता आणि तू फक्त ‘हो हो’ म्हणत होतीस. म्हणून सगळं पुन्हा सांगते.

आज पोतं उघडलं. पाहुणा फार देखणा झालाय, हृदय तर बघत राहावं असं. मी नेहमीसारखी स्टुलावर उभी राहिले, हात ठेवले आणि दाबलं, तर तोल जाऊन तोंडावर आपटणार होते. छाती लोण्यासारखी खाली गेली. दोन बोटांनी दाबली तरी जाते. मी हसले. आणि मग दादाचं पत्र आठवलं, की हीसुद्धा त्याला पंधरा वेळाच दाबता येते.

वहिनी, स्प्रिंग कधीच कडक नव्हती. कष्ट केले की छाती जड होते, जबडा दुखतो, धाप लागते, आणि टेकलं की जातं, हे सगळं त्याने मला आपल्या हाताने लिहून कळवलं. जन्मभर मी हेच ऐकून माणसं वॉर्डात घेत आले, आणि माझ्या सख्ख्या भावाला मी दाढेच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्याच्या हृदयाच्या नळ्यांतली एखादी अरुंद होत चालली आहे. मला फार भीती वाटते आहे. ती तुझ्यापासून लपवत नाही.

मी आजच जा म्हणत होते. तो म्हणतो, उद्या. भांडून उपयोग नव्हता, भांडणानेही त्याच्या हृदयाला कष्टच होतात. तिथल्या हृदयरोगाच्या हॉस्पिटलात माझी जुनी सहकारी आहे. तिने उद्या सकाळची पहिली वेळ दिली आहे. मी पहाटेच्या बसने निघून थेट तिथे येते. तोवर त्याने जिना चढायचा नाही, काही उचलायचं नाही.

रात्री किंवा सकाळी बसल्याजागी छातीत दुखलं, घाम सुटला, मळमळलं, तर उद्याची वाट बघू नकोस. लगेच रुग्णवाहिका बोलाव. त्याला टेकवून बसव, चालू देऊ नकोस. ऍस्पिरिन द्यायची का हे फोनवरच्या माणसाला विचार. त्याला ती वर्ज्य नसेल तर ते चघळायला सांगतील.

आणि तो कोसळलाच, तर खांदे हलवून हाक मार. ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर थांबू नकोस. घोरल्यासारखे, आचके दिल्यासारखे आवाज येतात, तो श्वास नव्हे. लोक तिथेच फसतात. कुणाला तरी फोन करायला लाव, कुणाला तरी बँकेतल्या पेटीकडे पळव, आणि तू जमिनीवर गुडघे टेकून छातीच्या मधोमध दाबायला लाग. तोंडाने श्वास द्यायला तू शिकलेली नाहीस, त्याची काळजी नको, नुसतं दाबलंस तरी खूप आहे. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबायचं नाही. मोडलेली बरगडी जुळते.

यातलं काहीही करायची वेळ येऊ नये. पण हात तुझे चांगले आहेत, असं तोच मला लिहितो.

तुझी,
टिल्ली


२ एप्रिल

सौ. वन्संस,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, हे तुम्हाला माहीत आहे. या घरात लिहायचं काम यांचं. पण तुम्ही आलात, आठ दिवस हॉस्पिटलात बसलात, माझ्या पाठीवरून हात फिरवलात, तरी मला तुमच्याशी बोलता आलं नाही. डॉक्टर, नळीत बसवलेली जाळी, गोळ्यांच्या वेळा, यातच सगळे दिवस गेले. आता हे घरी आहेत. वर चढायला मनाई आहे म्हणून दुकानातच पडद्यामागे झोपतात. जन्मभर लोकांचे सोफे शिवले, आता स्वतः एका सोफ्यावर पडून त्याच्या टाक्यांत खोड्या काढतात. तेव्हा काळजी करू नका.

त्या सकाळी आम्ही निघालोच होतो. यांनी चांगला शर्ट घातला होता. तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई खुर्ची न्यायला आल्या. खुर्ची झाली होती, मागच्या पट्टीचा एक खिळा राहिला होता. मी म्हटलं मी ठोकते. हे म्हणाले, माझं काम मी पुरं करतो, एका खिळ्याने काय होतंय. खाली बसले, हातोडी उचलली आणि तसेच एका कुशीवर पडले.

वन्सं, मला आधी वाटलं झोपले. घोरत होते. तुमचं पत्र मी रात्री चार वेळा वाचलं होतं, तरी एक क्षण मला बरं वाटलं, की घोरताहेत म्हणजे जिवंत आहेत. मग तुमची ती ओळ आठवली, की तो श्वास नव्हे. मी बाईंना फोन करायला सांगितलं, दारातून रखवालदाराला हाक मारली आणि यांना उताणं करून खाली बसले.

यांची छाती पाहुण्यासारखी नव्हती. पहिल्या दाबाला ती खाली जाईनाच. मग अंगाचं वजन टाकलं. कड असा आवाज आला. तुम्ही लिहिलं होतं म्हणून थांबले नाही. खिळे ठोकायची लय धरली. माझे आकडे चुकायला लागले तेव्हा बाईंनी एका हातात फोन धरून मोठ्याने मोजायला सुरुवात केली, वर्गात पाढे म्हणवतात तशी. बाई नंतर सांगत होत्या की मी यांना सारखी बोलत होते. चहा खाली कशाला हवा होता ते आता कळलं, लबाड माणूस, असं काहीबाही. मला त्यातलं काही आठवत नाही. राग आला होता एवढं खरं.

रखवालदार पेटी घेऊन धावत आला. यंत्राने सांगितलं तसं बाईंनी शर्ट कापला आणि चिकटपट्ट्या लावल्या. माझीच मोठी कात्री होती. मग यंत्र म्हणालं सगळ्यांनी दूर व्हा. तेव्हा मला हात उचलवेनात. एवढा वेळ मीच यांचं हृदय होते, हात काढला तर काय, असं वाटलं. रखवालदाराने मला खांद्याला धरून मागे ओढलं. झटका बसला. यंत्र म्हणालं पुन्हा दाबा, म्हणून पुन्हा दाबायला लागले. थोड्या वेळाने यांनी हात वर केला आणि माझा हात बाजूला सारला, झोपेत पांघरूण ढकलतात तसा. रुग्णवाहिकेची माणसं आत आली तेव्हा हे माझ्याकडे बघत होते आणि मला ओळखत नव्हते. थोड्या वेळाने ओळखलं.

मी तेव्हा रडले नाही. हॉस्पिटलातही नाही. परवा झाडताना टेबलाखाली तो खिळा सापडला, तेव्हा मात्र बसले आणि खूप रडले. माझ्या तळहातांना अजून ती छाती जाणवते. भाजी चिरताना, कपडे पिळताना मध्येच जाणवते. हे कुणाला सांगू, म्हणून तुम्हाला लिहिलं.

खुर्ची बाईंनी नेली. तो खिळा राहिलाच, त्या म्हणाल्या राहू दे.

तुमचे उपकार मानत नाही, घरातल्या माणसाचे कसले मानायचे. पण येत-जात राहावं.

तुमची,
वहिनी


२० एप्रिल

चि. टिल्ली हिस,
अ. उ. आ.

आता माझ्या आशीर्वादाला जोर कमी असेल, डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली आहे. रोज सकाळी बँकेपर्यंत चालत जातो. रखवालदार मला बघून आधी पेटीकडे बघतो आणि मग नमस्कार करतो. पेटीला तो आता रोज फडकं मारतो. टोपी दाराला अडकवतो.

तुझ्या वहिनीने तुला पत्र लिहिलं हे मला नंतर कळलं. काय लिहिलं ते विचारलं, तर म्हणाली तुमची तक्रार केली. बरगड्या अजून दुखतात. हसलो की जास्त दुखतात, म्हणून तुझी जुनी पत्रं सध्या वाचत नाही. पण टिल्ली, एक तुला सांगून टाकतो, फोनवर सांगता येणार नाही. मला भीती वाटत होती. जबडा पहिल्यांदा दुखला तेव्हापासून वाटत होती. म्हणून तर मी स्प्रिंगा बदलत बसलो. स्प्रिंग बदलणं मला येतं.

पाहुणा पोचला. तू पोत्यावर ‘दुरुस्तीसाठी परत’ असं लिहिलंस ते वाचून मी मुकाट्याने काम सुरू केलं. वजनी कामाला अजून मनाई आहे, म्हणून मी बसून सांगायचो आणि वहिनी करायची. फोम काढला, नाक सरळ केलं. राहिली स्प्रिंग. दुकानात असतील नसतील तेवढ्या सगळ्या स्प्रिंगा टेबलावर मांडल्या. मी आळीपाळीने पाहुण्यात ठेवायला सांगायचो आणि ती दाबायची. माझ्या हाताचं माप आता चालणार नव्हतं, आणि तुझ्या पत्रातले पाच सेंटिमीटर मला फुटपट्टीवर कळतात, हाताला कळत नाहीत.

जेवणाच्या खुर्चीची दाबली, म्हणाली नाही. आरामखुर्चीची, म्हणजे मी पहिल्यांदा बसवलेली, ती दाबली आणि जरा थांबून म्हणाली, नाही, अजून थोडी. मग एक जुनी जाड स्प्रिंग होती, मागच्या कपाटात पडून, तिच्यावर काथ्याचा पातळ थर देऊन ठेवली. तिने हात ठेवले, एकदा दाबलं, वर येऊ दिलं. पुन्हा दाबलं नाही. हात तसेच छातीवर ठेवून उभी राहिली. मग हात काढून घेतले, पदराला पुसले आणि माझ्याजवळ सोफ्यावर येऊन बसली.

तीच स्प्रिंग बसवली आहे. शनिवारी तुझे विद्यार्थी म्हणतील फार कडक आहे. त्यांना सांग, एवढीच असते.

माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा,
दादा